गेटसमोर गाडी लावून मालक गायब. कायदा घरमालकाच्या बाजूने, मग गाडी हलत का नाही?

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील भोगल भागात घराच्या दारासमोर लावलेली स्कूटर बाजूला घ्यायला सांगण्यावरून वाद झाला आणि त्यात घरातल्या एका माणसाचा जीव गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये मोहालीत पार्किंगच्या वादातून शेजाऱ्याने केलेल्या मारहाणीनंतर एका तरुण शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. दोन्ही बातम्या काही दिवस चालल्या आणि मागे पडल्या. ज्या भांडणातून त्या आल्या, ते भांडण मात्र पुण्याच्या पेठांत, डोंबिवलीच्या गल्ल्यांत, नाशिकमधल्या बंगल्यांच्या कॉलनीत रोज होते. मंगल कार्यालयाशेजारी राहणाऱ्यांना तर लग्नाच्या तिथी पाठ असतात. त्या दिवशी सकाळी दहानंतर आपली गाडी बाहेर निघणार नाही, हे धरूनच ते चालतात.

बहुतेक वेळा प्रकरण शिव्यांवर मिटते. पण घरात डायलिसिसला नेण्याचा माणूस असेल, व्हीलचेअर दारातून रस्त्यापर्यंत न्यायची असेल किंवा रात्री दोन वाजता रुग्णवाहिका गेटबाहेर थांबून हॉर्न वाजवत असेल, तर प्रश्न गैरसोयीचा राहत नाही. अशा वेळी घरमालकाच्या हातात नेमके काय असते? कायदा काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय होते?

गेट आपले, गेटसमोरचा रस्ता कोणाचा?

या वादात दोन्ही बाजू एकेक चुकीची समजूत घेऊन उभ्या असतात. गाडीवाला म्हणतो, 'रस्ता सरकारी आहे, तुमच्या बापाचा नाही.' घरमालक म्हणतो, 'माझ्या घरासमोरची जागा माझी.' गाडीवाल्याचे पहिले अर्धे वाक्य बरोबर आहे आणि घरमालकाचे पूर्ण वाक्य चूक. तरीही या वादात हक्क घरमालकाचाच असतो, कारण तो जागेचा नसून वाटेचा आहे.

सार्वजनिक रस्त्याला लागून ज्याची मिळकत आहे, त्याला तिथून रस्त्यावर येण्याजाण्याचा हक्क असतो. हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी ब्रिटिश काळापासून मानले आहे. भाडेकरूलाही तो हक्क तितकाच मिळतो. गेटची रुंदी आणि गाडी वळवून बाहेर काढायला लागेल तेवढी जागा मोकळी असली पाहिजे, एवढाच त्याचा आवाका. कुंपणाच्या भिंतीलगत, गेट सोडून कोणी गाडी लावली आणि तिथे वाहतूक विभागाची बंदी नसेल, तर घरमालकाला तक्रारीला जागा नाही. समोरच्या सार्वजनिक रस्त्यावर आपलीच गाडी लागावी असा राखीव हक्कही कायदा कोणाला देत नाही.

म्हणूनच घरासमोर मांडलेल्या कुंड्या, सिमेंट भरलेले डबे, दोन खांबांमध्ये बांधलेली साखळी यांना कायद्याचा आधार नाही. उलट तेच अतिक्रमण ठरते. मुंबई महापालिका कायद्याचे कलम ३१४ आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २३१ यांखाली पालिका ते उचलून नेऊ शकते. पेंटरकडून रंगवून घेतलेल्या 'नो पार्किंग, हवा सोडली जाईल' या पाटीचेही तेच. रस्त्यावर वाहतूक चिन्हे लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ नुसार राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. घरगुती पाटी ही फार तर विनंती. पण तिचा एक उपयोग होतो. इथे रोज वापरातले गेट आहे हे 'दिसलेच नाही', असे गाडीवाल्याला म्हणता येत नाही.

मोटार वाहन कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ सरळ आहे. सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे करता येत नाही. १९८९ च्या रस्ता नियमावलीत तर गाडी कुठे लावू नये याची यादीच होती. वळणावर, पदपथावर, बसथांब्याजवळ यांच्यासोबत 'वास्तूचे प्रवेशद्वार अडेल अशी' गाडी लावू नये, असेही तिच्यात होते. २०१७ मध्ये त्या जागी वाहन चालवण्याची नवी नियमावली आली आणि गाडी कुठे थांबवावी व उभी करावी, याचे तपशील तिच्यात आणखी वाढले.

दंड मात्र किरकोळ आहे. कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच आकडे १०० आणि ३०० होते. महाराष्ट्राने वाढीव दंड लागू केले ते डिसेंबर २०२१ मध्ये. कलम २०१ खाली रहदारीला अडथळा होईल असे वाहन उभे केल्यास आणखी ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इथे कायद्यातली एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण ते कलम 'वाहन चालवत असताना' बाजूला न होणाऱ्यासाठी आहे. गेटसमोर गाडी लावून सिनेमाला गेलेल्या माणसामुळे तीच रुग्णवाहिका वीस मिनिटे अडली, तर त्याच्यावर हे कलम लागत नाही. त्याचा हिशेब पुन्हा ५०० रुपयांपासूनच सुरू होतो.

फौजदारी कायद्यात याहून थोडी धार आहे. सार्वजनिक वाटेत अडथळा आणण्याबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ मध्ये फक्त २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये तो ५ हजार रुपयांपर्यंत गेला. जाणूनबुजून कोणाची वाट अडवली, तर कलम १२६ नुसार 'गैरनिरोध' होतो आणि त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. 'जाणूनबुजून' हा शब्द इथे महत्त्वाचा. पाच मिनिटांत येतो म्हणून औषधाच्या दुकानात गेलेला माणूस या कलमात सहज बसत नाही. सांगूनही रोज मुद्दाम तिथेच गाडी लावणारा शेजारी बसू शकतो.

पोलीस आले, पावती झाली; गाडी तिथेच

घरमालकाला दंडात रस नसतो, त्याला गेट मोकळे हवे असते. यंत्रणा मात्र दंड करण्यासाठी जास्त आणि गाडी हलवण्यासाठी कमी तयार आहे. वाहतूक पोलीस मोबाईलवर फोटो काढतो, ई-चलान तयार होते, मालकाच्या फोनवर संदेश जातो. गाडी जागची हलत नाही. मालकाने तो संदेश पाहिला, तरी तो लगेच धावत येईल असेही नाही, कारण चलान भरायला पुढे बराच वेळ असतो आणि लोकअदालतीत तडजोडीची आशाही असते.

गाडी उचलण्याचा अधिकार कलम १२७ मध्ये आहे. दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले किंवा कायद्याने पार्किंगला मनाई असलेल्या ठिकाणी लावलेले वाहन टोइंग करून नेण्यास किंवा त्याला जामर लावण्यास गणवेशातील पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. खर्च मालकाच्या माथी. अनेकदा गाडे अडते ते 'मनाई असलेले ठिकाण' या शब्दांवर. ज्या गल्लीत नो पार्किंगचा सरकारी फलकच नाही, तिथली गाडी उचलायला हवालदार कचरतो. उद्या मालकाने 'फलक कुठे होता' असे विचारले तर काय सांगायचे, ही त्याची अडचण. खरे तर प्रवेशद्वार अडवणे नियमानेच निषिद्ध असेल, तर तिथे वेगळ्या फलकाची गरज नाही, असा अर्थ लावता येतो. शिवाय त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात वाहन ज्या जागी उभे आहे त्यामुळे रहदारीला अडथळा होत असेल, तर ते तातडीने हलवण्याची तरतूद आहे. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडून कायद्याच्या अशा अर्थाची अपेक्षा करणे थोडे जास्तच.

दुसरी अडचण साधी, यंत्राची आहे. ज्या गल्ल्यांत हा त्रास सर्वाधिक, तिथे टोइंगची गाडी शिरत नाही. शिरली तरी दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमध्ये तिला वळायला जागा नसते. दुचाकी चार माणसे उचलून बाजूला ठेवतात. हँडब्रेक ओढलेल्या मोटारीचे तसे होत नाही. पूर्वी दाटीच्या ठिकाणी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून जायची पद्धत होती, म्हणजे कोणालाही ती ढकलता येई. आता ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आणि तेवढी सोयही कमी झाली.

तिसरे कारण टोइंगच्या बदनामीचे. कंत्राटदारांची मनमानी, गाड्यांचे नुकसान, पैशांवरून हुज्जत अशा तक्रारींमुळे २०२२ च्या सुरुवातीला बेंगळुरूमध्ये टोइंग थांबवण्यात आले. त्याच सुमारास मुंबईत तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनीही ते प्रायोगिक तत्त्वावर बंद केले. वाहनचालकांना हायसे वाटले. ज्यांचे गेट अडते त्यांचा मात्र या चर्चेत कोणी विचार केला नाही. रहदारीच्या नजरेने पाहिले तर मुख्य रस्त्यावरची चुकीची गाडी हजारोंना अडवते आणि गल्लीतली गाडी एका घराला. पोलिसांचे मनुष्यबळ साहजिकच पहिल्या ठिकाणी जाते.

त्या अर्ध्या तासात काय करावे?

आधी फोटो. एकाच चौकटीत गाडीची नंबरप्लेट आणि गेट दोन्ही दिसतील असा एक, आणि अडथळा किती आहे हे कळेल असा लांबून दुसरा. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. मग आसपासच्या दुकानात, कार्यालयाच्या दारावर, सोसायटीच्या वॉचमनकडे चौकशी. हा उपाय अजूनही सगळ्यात लवकर चालतो. मालक सापडेल म्हणून एम-परिवहन ॲप उघडणाऱ्यांची निराशा होते. तिथे गाडीचा तपशील मिळतो, पण मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते आणि फोन नंबर नसतो. तो असू नये हेही योग्यच आहे. एखाद्या महिलेच्या गाडीच्या क्रमांकावरून तिचा फोन कोणालाही मिळणे धोक्याचे ठरेल. काचेमागे स्वतःहून नंबराची चिठ्ठी ठेवणारे वाहनचालक आहेत. नंबर न दाखवता संपर्क करून देणारे क्यूआर कोडचे स्टिकरही बाजारात मिळतात.

मालक सापडला नाही तर वाहतूक पोलिसांची स्थानिक चौकी किंवा नियंत्रण कक्ष. राज्याच्या महाट्रॅफिक ॲपवर नागरिकाला फोटोसह तक्रार नोंदवता येते, पण त्यातून बहुधा चलानच निघते. गेट मोकळे करून हवे असेल तर फोनच करावा लागतो. घरात रुग्ण असेल, आग लागली असेल किंवा समोरचा अंगावर येत असेल, तर ११२. अशा वेळी 'गाडी अडली आहे' असे न सांगता 'रुग्णाला दवाखान्यात न्यायचे आहे आणि वाट बंद आहे' असे सांगितले, तर फोन घेणाऱ्याला तातडी कळते. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करतानाच दारापर्यंत वाट नाही हेही सांगावे, म्हणजे येणारी माणसे स्ट्रेचर घेऊन चालत येण्याच्या तयारीने उतरतील.

न करण्याच्या गोष्टींची यादी अधिक मोहात पाडणारी आहे. टायरची हवा सोडणे, काचेवर खिळ्याने निरोप लिहिणे, वायपर मोडणे. नुकसान केले की तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळीकीचा गुन्हा होतो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसान मोठे असेल तर शिक्षा वाढते. सकाळपर्यंत जो फिर्यादी होता तो संध्याकाळी आरोपी होतो. भर म्हणजे हवा सोडलेली गाडी आणखी काही तास तिथेच राहते. रस्त्यावरच्या गाडीला स्वतः साखळी किंवा जामर लावण्याचेही तेच. तो अधिकार पोलिसांचा.

त्रास एकदाचा नसून रोजचा असेल, तर पद्धत बदलावी लागते. शहराच्या वाहतूक शाखेकडे गेटसमोर नो पार्किंगचा फलक किंवा पट्टे मागणारा लेखी अर्ज करावा. त्यासोबत वेगवेगळ्या तारखांचे फोटो, घरात ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्ती असल्यास त्याचा उल्लेख आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडाव्यात. एका घराच्या अर्जापेक्षा आठ घरांच्या अर्जाकडे लवकर लक्ष जाते. पुण्यासारख्या शहरात सम-विषम तारखांच्या पी-१, पी-२ पार्किंगमुळे आणखी एक गैरसमज पसरलेला असतो. आज या बाजूला परवानगी आहे, म्हणजे गेटसमोरही आहे, असे लोक धरून चालतात. तसे नाही. वाट कायमचीच अडवली गेली असेल, म्हणजे गॅरेजवाल्याने नादुरुस्त गाड्या महिनोन्‌महिने तिथेच ठेवल्या असतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे उपद्रव हटवण्याची मागणी करता येते. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्याचा मार्गही आहे. तो लांबचा आणि खर्चाचा.

सोसायटीच्या आत हेच नियम लागतात का?

इथे बहुतेकांची फसगत होते. मोटार वाहन कायदा 'सार्वजनिक ठिकाणी' लागू होतो, म्हणजे जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे तिथे. गेट आणि वॉचमन असलेल्या सोसायटीच्या अंतर्गत रस्त्यावर वाहतूक पोलीस सहसा हात घालत नाहीत. तिथे उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव चालतात. वाद सहकार न्यायालयात जातो. बिल्डरला स्टिल्टमधली पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात २०१० मध्येच स्पष्ट केले. तरीही कोणती जागा कोणाची, हे कित्येक सोसायट्यांच्या कागदावर आजही नीट नाही. सोसायटीच्या फाटकावरच बाहेरून कोणी गाडी लावली, तर तो पुन्हा सार्वजनिक रस्ता, आणि तिथे पोलिसांनी यायला हवे.

बाहेर काय चालते?

जर्मनीच्या वाहतूक नियमांत घराच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायला बंदी आहेच, शिवाय अरुंद रस्त्यावर प्रवेशद्वाराच्या समोरच्या बाजूलाही आहे. पलीकडे लावलेल्या गाडीमुळेही वळण बसत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही गल्लीत राहणाऱ्याला सांगावे लागणार नाही. तसे नेमके बंधन इथेही उपयोगी पडेल.

ब्रिटनचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तिथे घरासमोर पदपथाचा कठडा उतरता केलेला असतो आणि त्यावर गाडी लावली तर स्थानिक परिषद दंड करते. गाडी रस्त्यावर नाही तर थेट कोणाच्या खासगी आवारात लावली, तर तो दिवाणी स्वरूपाचा वाद होतो आणि पोलीस बहुधा हात वर करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या एका कायद्याने खासगी जागेत परस्पर जामर लावणे हाही गुन्हा ठरवला. त्याचे कारण ओळखीचे आहे: जामर लावून पैसे उकळणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट.

जपानने प्रश्न दुसऱ्या टोकाने पकडला. १९६२ च्या कायद्यापासून तिथे मोटार घ्यायची तर ती ठेवायला घरापासून ठरावीक अंतरात जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. आज हे अंतर दोन किलोमीटर आहे.

महाराष्ट्रात पुढे काय?

जपानसारखीच कल्पना राज्यात पुन्हा पुन्हा डोके वर काढते. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, अशी भूमिका मांडली. मुंबई महानगर प्रदेशातील पार्किंगच्या तुटवड्यातून ती आली होती. लगेच आक्षेपही आले. चाळीत किंवा जुन्या वाड्यात राहणाऱ्याने गाडी घ्यायचीच नाही का? खोटी प्रमाणपत्रे कोण तपासणार? मध्यमवर्गाच्या पहिल्या गाडीवर आलेले बंधन कोणत्याही सरकारला जड जाते.

याआधीचे प्रयत्नही असेच अडले. पुण्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे २०१८ मध्ये समोर आले. त्याच वर्षी पुणे महापालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले. विरोधानंतर ते प्रयोगापुरते पाच रस्त्यांवर आणले गेले आणि तिथेही रुजले नाही. मुंबईत जुलै २०१९ मध्ये पालिकेच्या वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावल्यास ५ हजारांपासून २३ हजारांच्या घरात जाणारा दंड लावला गेला. वाहनतळ जवळ असूनही फुकटच्या रस्त्यावर गाडी लावण्याची सवय त्यातून प्रथमच महाग झाली. पण ती मोहीम वाहनतळ असलेल्या भागांपुरती होती. ज्या गल्लीच्या आसपास वाहनतळच नाही, तिथल्या गेटला तिचा फायदा नव्हता.

या सगळ्या योजना गाड्या किती असाव्यात आणि कुठे लावाव्यात याबद्दल आहेत. अडलेले गेट किती वेळात मोकळे झाले पाहिजे, याची मुदत यांपैकी एकीतही नव्हती. तक्रार आल्यापासून अमुक मिनिटांत माणूस पोहोचेल, फलक नसला तरी प्रवेशद्वारासमोरची गाडी उचलता येईल, अरुंद गल्लीत चालणारी लहान टोइंग ट्रॉली चौकीवर असेल, एवढ्या तीन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. वाहतूक शाखेचा लेखी आदेश आणि थोडा खर्च पुरतो.